गुप्तांची लेक, वाकाटकांची सून

वाशीम हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांना तेथील बालाजीच्या मंदिरामुळें आणि पद्मतीर्थामुळें ठाऊक असतें. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झालेला वाशीम जिल्हा तसा वयानें लहान. परंतु गांव मात्र फार जुनें. त्याचें प्राचीन नांव वत्सगुल्म. सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं राजशेखर नांवाच्या पंडितानें आपल्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथांत या नगराविषयीं एक गोड कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष एकदां रुसून घराबाहेर पडला. त्याला प्रेमाच्या बंधनांत बांधून परत आणावें म्हणून गौरीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशीं हिंडली, त्या त्या देशाचा वेष तिनें घेतला, तेथलें नृत्यगीत आत्मसात केलें. पण त्याचें मन पुरतें वळेना. शेवटीं दोघें विदर्भांत आलीं. तेथें तें मन पूर्णपणें तिच्या ठायीं जडलें, आणि वत्सगुल्म नगरांत त्यांचा गांधर्वविधीनें विवाह झाला.

गांधर्वविवाह म्हणजे वधूवरांनीं परस्परांस पसंत करून केलेला विवाह. विदर्भाच्या लेकी आपल्या पुराणांत आणि काव्यांत बहुधा अशाच भेटतात. रुक्मिणीनें भावाचा बेत झुगारून श्रीकृष्णास निरोप धाडला. दमयंतीनें देवांना बाजूस सारून नलाला माळ घातली. इंदुमतीनें राजसभेंतून अजाची निवड केली. या कथा ऐकतां ऐकतां असें वाटूं लागतें कीं, या भूमींत राजकन्येच्या मनाला फार मोल असावें. परंतु, श्रोतेहो, या विदर्भावर ज्या घराण्यानें अडीचशें वर्षें राज्य केलें, त्या वाकाटक घराण्याचे ताम्रपट वाचावयास घेतले म्हणजे निराळें चित्र दिसतें. तेथें लेकी आहेत, सुना आहेत; पण त्यांच्या गळ्यांतील माळ दुसऱ्याच कोणीतरी गुंफलेली आहे. त्यांपैकीं एकीची, महाराणी प्रभावतीगुप्तेची, हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम घराण्याची ओळख करून घेऊं. वाकाटकांचा मूळ पुरुष विंध्यशक्ति. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन हा मोठा प्रतापी झाला. त्यानें अश्वमेध केले आणि सम्राट ही पदवी धारण केली. त्याच्यानंतर राज्य विभागलें गेलें. एक शाखा नागपुराजवळच्या नंदिवर्धन येथून राज्य करूं लागली. दुसरी शाखा प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन यानें स्थापिली व तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलें वाशीम. हा सर्वसेन स्वतः प्राकृत कवि होता; त्याच्या 'हरिविजय' काव्याची पुढील साहित्यशास्त्रकारांनीं वाखाणणी केली आहे. याच शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें कोरविलें. वाशीमजवळच्या हिस्सेबोराळा येथें देवसेन राजाच्या वेळचा एक शिलालेख मिळाला आहे. त्यांत सुदर्शन नांवाच्या तळ्याचा उल्लेख असून शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हें वर्ष दिलेलें आहे.

वत्सगुल्म शाखेची ही माहिती कशी उजेडांत आली तेंहि ऐकण्याजोगें आहे. १९३९ सालीं वाशीम येथें एक ताम्रपट मिळाला. तो सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा असून त्याच्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्म येथून दिलेला आहे. त्याची भाषा कांहीं संस्कृत आणि कांहीं प्राकृत. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळें या ताम्रपटाचें महत्त्व विद्वानांच्या ध्यानांत आलें आणि वाकाटकांची ही स्वतंत्र शाखा इतिहासांत स्थिर झाली. या ताम्रपटांत वंशावळ आहे: प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन, त्याचा पुत्र विंध्यशक्ति. बाप, मुलगा, नातू. मधल्या एकाहि मातेचें नांव नाहीं. सर्वसेनाची राणी कोण, विंध्यशक्तीची आई कोणत्या घरची, याविषयीं तांबें मुकें आहे.

नंदिवर्धनच्या थोरल्या शाखेचे ताम्रपट मात्र एका सुनेचा उल्लेख अगत्यानें करतात. पण तो कसा, तें पाहा. प्रवरसेनाचा पुत्र गौतमीपुत्र याचा विवाह भारशिव घराण्यांतील भवनाग राजाच्या कन्येशीं झाला. हे भारशिव मोठे पराक्रमी. भागीरथीचें जल स्वपराक्रमानें मिळवून त्यांनीं राज्याभिषेक केला आणि दहा अश्वमेध केले, असें वाकाटक लेखकु मोठ्या अभिमानानें लिहितात. गौतमीपुत्राचा मुलगा पहिला रुद्रसेन याची ओळख ते भवनागाचा दौहित्र अशी करून देतात. या सोयरिकीचा वाकाटकांना इतका अभिमान, कीं पुढच्या पिढ्यांच्या लेखांतहि ती वारंवार येते. व्याह्याचें नांव आहे, व्याह्याच्या कुळाचे अश्वमेध मोजलेले आहेत, नातवाचें नांव आहे. जिच्यामुळें हें सारें नातें जुळलें, तिचें नांव मात्र कोठेंच नाहीं. दोन राज्यांमधील पूल म्हणून ती लेखांत उभी आहे. पुलावरून जाणारे त्याला नांव विचारीत नाहींत.

ही रीत केवळ आपल्याकडचीच होती असें नव्हे. युरोपांत विद्या आणि कला यांचें पुनरुज्जीवन झालें, तो काळ माणसाच्या स्वातंत्र्याचा उषःकाल म्हणून आपण वर्णितों. त्याच काळांत, इ. स. १४८० मध्यें, इटलींत ल्युक्रेशिया बोर्जिया जन्मली. तिचा बाप पुढें सहावा अलेक्झांडर या नांवानें पोप झाला. १४९३ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, बापानें तिला मिलानच्या स्फोर्झा घराण्याशीं सख्य हवें म्हणून जोव्हानी स्फोर्झा याला दिली. राजकारण बदललें, स्फोर्झांची गरज उरली नाहीं, १४९७ मध्यें तो विवाह रद्द ठरविण्यांत आला. पुढच्याच वर्षीं नेपल्सशीं मैत्री हवी म्हणून तेथील राजघराण्यांतल्या अल्फोन्सोशीं तिचें लग्न लागलें. तेंहि सख्य नकोसें झालें, आणि १५०० सालीं त्या अल्फोन्सोचा खून झाला. तो तिचा भाऊ सेझारे यानें करविला असें मानतात. १५०२ मध्यें ती फेराराच्या एस्ते घराण्याची सून झाली. तेथें मात्र ती स्थिरावली. पति युद्धावर असतां तिनें राज्याचा कारभार पाहिला, दलदलीच्या जमिनी लागवडीस आणविल्या, कवींना आश्रय दिला, आणि १५१९ सालीं बाळंतपणानंतरच्या आजारांत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ती वारली. लोकांच्या स्मरणांत मात्र बापाची आणि भावाची सारी दुष्कीर्ति तिच्याच नांवाला चिकटून राहिली. बुद्धिबळांतील प्यादें खेळणाऱ्याच्या हातानें पुढें सरकतें. डाव हरला म्हणजे बोल मात्र प्याद्याला.

आतां ल्युक्रेशियाच्या सुमारें अकराशें वर्षें आधींच्या विदर्भांत परत येऊं. चौथ्या शतकाचा अखेरचा काळ. उत्तरेंत पाटलिपुत्राच्या गुप्तांचें साम्राज्य समुद्रगुप्तानें वाढविलेलें. त्याचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त इ. स. ३८० मध्यें राज्यावर होता, हें मथुरेच्या स्तंभलेखावरून निश्चित होतें. त्याची दृष्टि पश्चिमेकडे लागलेली होती. माळवा, गुजराथ आणि काठेवाड या सुपीक व व्यापारी मुलुखांत शक क्षत्रप जवळजवळ तीन शतकें ठाण मांडून बसले होते. विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यांत चंद्रगुप्ताचा मंत्री वीरसेन याचा लेख आहे. सारी पृथ्वी जिंकण्याच्या इच्छेनें निघालेल्या राजाबरोबर आपण येथें आलों, असें तो सांगतो. या मोहिमेसाठीं माळव्यांत उतरलेल्या सैन्याच्या डाव्या हाताला कोण? नर्मदेच्या दक्षिणेस वाकाटक. ते मित्र असले तर बाजू सुरक्षित. शत्रु असले तर क्षत्रपांशीं लढतांना कुशींत सुरी. तेव्हां वाकाटकांना युद्धानें जिंकण्यापेक्षां नात्यानें बांधणें अधिक स्वस्त होतें. चंद्रगुप्ताची कन्या प्रभावती नंदिवर्धनच्या दुसऱ्या रुद्रसेनाला देण्यांत आली. पुढें क्षत्रपांचें राज्य बुडालें, आणि त्यांच्याच धर्तीचीं चांदीचीं नाणीं चंद्रगुप्त आपल्या नांवानें पाडूं लागला. सोयरिकीचा हिशेब जुळला.

हिशेब करण्यांत गुप्त कच्चे नव्हतेच. प्रभावतीचा पणजा पहिला चंद्रगुप्त यानें लिच्छवींची कन्या कुमारदेवी केली आणि त्या संबंधामुळें घराण्याचें भाग्य उघडलें. त्या दोघांची आकृति असलेलीं सोन्याचीं नाणीं प्रसिद्ध आहेत. प्रभावतीची आई कुबेरनागा ही नाग कुळांतली. तोहि विवाह राजकारणाचाच असावा असें इतिहासकार मानतात. म्हणजे पणजी, आई आणि लेक, तिघीहि एकाच वाटेनें आलेल्या.

विवाहानंतर रुद्रसेन फार काळ जगला नाहीं. मागें राहिली तरुण विधवा आणि अल्पवयी मुलें. युवराज दिवाकरसेन लहान होता. अशा वेळीं राज्याचें काय होतें, हें मराठी इतिहास वाचणाऱ्यांस सांगावयास नको. पण येथें राज्यावर संकट आल्याची खूण दिसत नाहीं. मुलाच्या नांवानें प्रभावतीनें राज्याचा कारभार हातीं घेतला. किती काळ? निदान तेरा वर्षें. कारण त्या तेराव्या वर्षीं तिनें दिलेला ताम्रपट आज आपल्यासमोर आहे.

हा ताम्रपट पुण्यांत एका कुटुंबाच्या संग्रहीं होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं काशिनाथ बापूजी पाठक यांनीं तो प्रसिद्धीस आणला. नंदिवर्धन येथून दिलेलें हें दानपत्र आहे. आचार्य चनालस्वामी यांस दंगुण नांवाचें गांव दिल्याचें त्यांत सांगितलें आहे. तिथि कार्तिक शुद्ध द्वादशी. म्हणजे प्रबोधिनी एकादशीचा उपवास सोडण्याचा दिवस. दान आधीं भगवंताच्या चरणीं निवेदन केलें आणि मग आचार्यांस दिलें. एखाद्या व्रतस्थ विधवेच्या घरांतील हा प्रसंग वाटतो. पण लेखाची मुद्रा पाहा: तिच्यावर हें युवराजाच्या मातेचें शासन आहे, आणि तें शत्रूंना शासन करणारें आहे, असें कोरलेलें आहे. उपवास सोडणाऱ्या हाताखालीं राज्याचा शिक्का आहे.

आतां लेखाच्या आंत डोकावूं. वाकाटकांच्या राज्यांत, वाकाटकांच्या राजधानींतून निघालेल्या लेखाचा आरंभ कोणाच्या वंशानें व्हावा? वाकाटकांच्या. पण येथें आरंभ होतो गुप्तांपासून. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, लिच्छवींचा दौहित्र व कुमारदेवीचा पुत्र समुद्रगुप्त, आणि मग आपला पिता दुसरा चंद्रगुप्त, अशी माहेरची वंशावळ ती सविस्तर देते. मग स्वतःचें नांव. आपली आई नागकुळांतील महादेवी कुबेरनागा. आपण रुद्रसेन महाराजांची पट्टराणी आणि युवराज दिवाकरसेनाची जननी. सासऱ्याचें, आजेसासऱ्याचें नांव नाहीं. इतकेंच नव्हे, तर गोत्रहि ती माहेरचें सांगते. वाकाटकांचें गोत्र विष्णुवृद्ध. विवाह झालेली स्त्री पतीच्या गोत्राची होते असें आपण समजतों. परंतु प्रभावती स्वतःस धारण गोत्राची म्हणविते, आणि तें गोत्र तिच्या पित्याचें. अक्षरांचें वळणहि बोलकें आहे. वाकाटकांच्या इतर ताम्रपटांत अक्षरांच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी काढलेली असते. या ताम्रपटांत त्या जागीं खिळ्याच्या डोक्यासारखी खूण आहे, जशी उत्तरेकडील लेखांत आढळते. तेव्हां पाटलिपुत्राहून आलेले लेखनिक तिच्या दफ्तरांत बसत असावेत, असा तर्क अभ्यासकांनीं केला आहे.

यावरून कित्येकांनीं निर्णय देऊन टाकला कीं, या काळांत विदर्भावर राज्य प्रभावतीचें नव्हतें, तिच्या बापाचें होतें; लेक ही केवळ त्याच्या हातांतील लेखणी. हा तर्क अगदींच निराधार नाहीं. चंद्रगुप्तानें सुनेच्या घरीं नव्हे, लेकीच्या घरीं आपलीं माणसें ठेवलीं असतील तर त्यांत नवल तें काय? परंतु लेखांतील दुसऱ्या बाजूचा पुरावाहि तोलून पाहिला पाहिजे. या ताम्रपटांत गुप्तांचा संवत् नाहीं. तेरावें वर्ष मोजलें आहे तें येथल्याच राज्यकालाचें. बाप जर खरोखरीच धनी असता, तर आपल्या शकाचा आकडा घालण्यास त्याला कोण अडविणार होतें? मुद्रा आहे ती वाकाटकांच्या राजलक्ष्मीची आणि युवराजाच्या मातेची. आणि स्वतःविषयीं तिनें एक विशेषण योजिलें आहे, 'उभयकुलालंकारभूता', दोन्ही कुळांना भूषणभूत झालेली. दोन्ही कुळें. बापाला जी केवळ आपली वाटली असेल आणि सासरला जी केवळ परकी वाटली असेल, ती स्वतः म्हणते कीं, मी दोन्हींची आहे.

मला वाटतें, प्रभावतीचें वैशिष्ट्य या एका शब्दांत आहे. तिचा विवाह ठरवितांना तिला कोणीं विचारलें नसेल. भारशिवांच्या त्या निनावी कन्येलाहि विचारलें नव्हतें. दोघीहि तहाच्या कागदावरील मोहोर म्हणून सासरीं आल्या. फरक पुढें पडला. एकीच्या वेळीं लेख लिहिणारे पुरुष होते. त्यांनीं बापाचें नांव लिहिलें आणि तिचें गाळलें. दुसरीच्या वेळीं लेख तिनें स्वतः लिहविला. म्हणून तिच्या लेखांत पित्याबरोबर माता आहे, समुद्रगुप्ताबरोबर कुमारदेवी आहे, आणि मध्यभागीं तिचें स्वतःचें नांव आहे. बापाच्या वैभवाचा उपयोग तिनें केला, यांत शंका नाहीं. पण पोरक्या राज्यांत, लहान मुलें पदरीं असतां, दायादांना आणि सामंतांना धाकांत ठेवावयाचें तर माहेरची सत्ता दाखविण्यावांचून विधवेच्या हातीं दुसरें शस्त्र तरी कोणतें होतें? जी वंशावळ आपणांस बापाची गुलामी वाटते, ती कदाचित् तिची ढाल असेल.

आणि या स्त्रीच्या नांवानें इतिहासाला केवढा आधार दिला, तेंहि सांगितलें पाहिजे. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत आपली आई प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्ताची कन्या असें लिहिलें आहे. हा देवगुप्त कोण? फ्लीट या इंग्रज विद्वानानें तो सातव्या शतकांतील मगधाचा देवगुप्त ठरविला, आणि त्यामुळें सारें वाकाटक घराणें दोनअडीचशें वर्षें अलीकडे ओढलें गेलें. ब्यूलर यांना अक्षरांच्या वळणावरून हें घराणें पांचव्या शतकाच्या आसपासचें वाटत होतें. वाद चालू राहिला. प्रभावतीचा पुण्याचा ताम्रपट वाचला गेला आणि तिनें स्वतःच उत्तर दिलें: माझा पिता दुसरा चंद्रगुप्त. देवगुप्त हें त्याचेंच दुसरें नांव. वाकाटकांचा काळ, त्याबरोबर वत्सगुल्मच्या राजांचा काळ, आणि अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांचा काळ ठरविण्यास त्यामुळें पक्का आधार मिळाला. तिनें रूढीप्रमाणें केवळ सासरची वंशावळ दिली असती, तर हा दुवा आपल्या हातीं लागला नसता.

तिचें पुढील आयुष्य दुःखाशिवाय गेलें नाहीं. ज्या दिवाकरसेनासाठीं तेरा वर्षें राज्य सांभाळलें, तो राजा झाल्याचा एकहि लेख नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें मिळालेला तिचा दुसरा ताम्रपट प्रवरसेनाच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षींचा आहे. त्यांत ती स्वतःस दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची जननी म्हणविते. दिवाकरसेनाचें नांव तेथें नाहीं. हें दान रामगिरिस्वामींच्या पायांपाशीं, म्हणजे आजच्या रामटेकच्या डोंगरावरून, दिलेलें आहे. मुलगा राज्यावर स्थिर झाला होता, तरी दान देण्याचा अधिकार तिचा स्वतःचा होता, आणि गोत्र अजूनहि तें धारणच. तिच्या पतीला लेख विष्णूचा भक्त म्हणतात. ती स्वतः विष्णुभक्त. पण पुत्र प्रवरसेन शिवाच्या प्रसादाचें वर्णन करतो. माहेरचा देव एका पिढीपुरता सासरच्या देव्हाऱ्यांत बसला आणि मुलानें पुन्हां आपल्या कुळाचा देव पुढें केला. माहेर किती दूरपर्यंत पुरतें, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

पण या कथेंतील सर्वांत जिव्हारीं लागणारी गोष्ट पुढेंच आहे. रामटेकच्या डोंगरावर केवल नरसिंहाचें मंदिर आहे. तेथें भिंतींत एक झिजलेला शिलालेख आहे. हान्स बाकर आणि हरुनागा आयझॅक्सन या विद्वानांनीं १९९३ सालीं त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. त्या वाचनाप्रमाणें लेख प्रभावतीच्या कन्येचा आहे. ही कन्या घटोत्कच नांवाच्या गुप्त राजपुत्राला, म्हणजे आपल्या मामाला, देण्यांत आली होती. आणि पुढें तिच्या भावानें तिला बळेंच परत आणलें. परत आल्यावर तिनें आईच्या पुण्यासाठीं मंदिर उभारलें आणि देवाला नांव दिलें प्रभावतिस्वामी. लेखाचा बराच भाग नष्ट झाला आहे; परंतु एवढें जरी धरलें, तरी मनांत प्रश्न उभा राहतो. ज्या स्त्रीला बापानें राज्याच्या कामीं दूरदेशीं दिली, तिच्याच घरांतून तिची लेक त्याच वाटेनें उलट उत्तरेकडे गेली. एकदां सोयरीक हवी म्हणून पाठविली, एकदां नको म्हणून ओढून आणली. राज्याची मुद्रा आईच्या हातीं होती, म्हणून लेकीची सुटका झाली असें दिसत नाहीं. सत्ता मिळाली तरी रीत बदलते असें नाहीं. उलट सत्ता टिकविण्यासाठीं ती रीतच पुन्हां हातीं घ्यावी लागते. मात्र त्या लेकीनें मंदिर बांधलें तें आजोबाच्या नांवानें नव्हे, भावाच्या नांवानें नव्हे, तर आईच्या नांवानें. एवढी एकच निवड कदाचित् तिची स्वतःची असेल.

रीत पुढेंहि चालूच राहिली. प्रभावतीचा नातू नरेंद्रसेन यानें कुंतलाच्या, म्हणजे दक्षिणेकडील कर्नाटक प्रांताच्या, अधिपतीची कन्या अज्झितभट्टारिका केली. तिचें नांव मात्र तिचा पुत्र दुसरा पृथिवीषेण याच्या ताम्रपटांत आलें आहे. प्रभावतीनंतर आईचें नांव लेखांत घालण्याची वाट थोडी रुळली असावी. त्याच कुंतलाशीं वत्सगुल्मच्या राजांचा संबंध कसा होता? मिराशींच्या वाचनाप्रमाणें अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील लेख सांगतो कीं, वाशीमच्या विंध्यसेनानें कुंतलेश्वराचा पराभव केला. एका घराच्या दोन शाखा: एकीनें कुंतलाशीं तरवारीनें बोलावें, दुसरीनें मंगलाष्टकांनीं. आणि कुंतलाकडेहि हाच हिशेब होता. तेथील कदंब राजा काकुत्स्थवर्मा यानें गुप्त आदि राजकुळांत आपल्या मुली दिल्या, याचा गौरव तालगुंडच्या स्तंभलेखांत काव्यमय भाषेंत केलेला आहे. त्या काव्यांतहि राजाच्या मुलींचीं नांवें नाहींत.

श्रोतेहो, या साऱ्या हकीकतीवरून प्रभावतीला बापाचें बाहुलें म्हणून सोडून देणें जितकें सोपें, तितकेंच तिला स्वतंत्र सम्राज्ञी म्हणून मखरांत बसविणेंहि सोपें आहे. दोन्हींहि पुरतें खरें नाहीं. तिला नेऊन ठेवली गेली ती जागा तिनें निवडलेली नव्हती. पण त्या जागेवर उभें राहून काय लिहावयाचें, तें तिनें निवडलें. ल्युक्रेशियालाहि फेरारांत तेवढाच अवकाश मिळाला. राजघराण्यांतील असंख्य मुलींना तोहि मिळाला नाहीं. भवनागाच्या कन्येप्रमाणें त्या लेखांच्या ओळींमध्यें निनावी राहून गेल्या.

पुढें केव्हां वाशीमला गेलांत, तर पद्मतीर्थाच्या कांठीं क्षणभर राजशेखराची ती कथा आठवा. तेथें काव्यपुरुषानें आपली वधू स्वतः पसंत केली आणि वधूनेंहि त्याला. कवीला या नगरांत असा विवाह सुचला, ही गोष्ट सुंदर आहे. पण त्याच बरोबर त्या राजघराण्याच्या ताम्रपटांतल्या ओळीहि आठवाव्या, आणि आपल्या घरांतली एखादी जुनी वंशावळ हातीं आली तर बाप, मुलगा, नातू एवढेंच वाचून ती मिटूं नये. या माणसाची आई कोण, ती कोणत्या गांवची, तिचें नांव काय, असें विचारावें. प्रभावतीला आपलें नांव तांब्यांत कोरवून घेण्यासाठीं राज्य चालवावें लागलें. आपल्या आजी-पणजीचें नांव लिहून ठेवावयास आपणांस एक लेखणी पुरे आहे.